नागतळीची डिश

बिनतारी इंटरनेटचं काम दोन माणसांचं असतं. एका गच्चीवर एक डिश, नऊ-दहा किलोमीटरवर दुसऱ्या गच्चीवर दुसरी, आणि दोन्ही डिशांची तोंडं नेमकी समोरासमोर आली पाहिजेत. इकडं बोटभर चुकलं की तिकडं अख्खं गाव चुकतं. म्हणून एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा, मध्ये फोन. नियम एकच. एकजण डिश हलवत असला की दुसऱ्यानं हात कमरेवर ठेवायचे. दोघांनी एकाच वेळी हलवलं की दिवस गेलाच म्हणून समजा.

हे काम मी देवणीत बारा वर्षं केलं. टॉवरवर मी आणि दुसऱ्या टोकाला माझी बायको चंद्रप्रभा. लोक म्हणायचे, हणमंतरावनं बायकोला कामाला जुंपलंय. होतं उलटं. "हात कमरेवर!" असं ती इतक्या जोरात ओरडायची की फोन नसता तरी मला ऐकू आलं असतं.

गेल्या फाल्गुनात ती वारली. लातूरला दवाखान्यात सोळा दिवस होती. त्याबद्दल मला जास्त सांगता येणार नाही.

त्यानंतर मी एकच टोक हलवायचं असेल तेवढीच कामं घेतली. दोन्ही टोकं हलवायची असली की सांगायचो, सामान नांदेडहून यायचंय. नांदेडच्या दुकानदाराच्या नावावर मी किती दिवस ढकलले ते त्या बिचाऱ्याला माहीत नाही.

सगळ्यात जास्त ढकललं ते नागतळीचं काम. नागतळी म्हणजे चंद्रप्रभाचं माहेर. गाव खोलात आहे, मोबाइलची रेंज कुठंतरी कोपऱ्यात लागते, तीही बोलण्यापुरती. म्हणून आम्ही सासूबाईंच्या स्लॅबवर डिश लावली होती, तिच्यावर पंचायत, रेशन दुकान आणि आठ-दहा घरं चालायची. भाद्रपदात माझ्या टॉवरवरचा नागतळीचा रेडिओ, म्हणजे डिशमागची सिग्नल पाठवणारी पेटी, विजेनं जळाला. त्याच आठवड्यात नागतळीत वानरांची टोळी आली आणि तिनं तिकडच्या डिशच्या पाइपाचा झोका केला. म्हणजे दोन्ही टोकं गेली. नवा रेडिओ नांदेडहून खरोखरच आला, पण खोक्यात तसाच पडून राहिला. चंद्रप्रभाच्या तेराव्यानंतर मी नागतळीला गेलो नव्हतो. दोनदा निघालो होतो. दोन्ही वेळा फाट्यावर चहा पिऊन परत आलो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी दुपारी नागतळीचा रामलिंग आला. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच त्यानं सुरुवात केली.

"दाजी, गावाचं धान्य जायलंय."

नागतळीत मला सगळेच दाजी म्हणतात. गावची लेक केली की माणूस अख्ख्या गावाचा दाजी होतो. कुणीही थट्टा करावी आणि आपण हसावं, असा रिवाज आहे. रामलिंग तिथला रेशन दुकानदार. एरवी त्याची पहिली दहा वाक्यं थट्टेची असतात. त्या दिवशी एकही नव्हतं, तेव्हाच मी समजलो.

"अंगठ्याच्या मशीनचं सिम चार दिवसांपासून मेलंय," तो म्हणाला. "कडुलिंबावर एका फांदीला जराशी रेंज होती. मशीन घेऊन मी वर बसलो आन एकेकाला शिडीनं चढवून अंगठे घेतले. गंगम्माला दोनदा चढवलं. सत्तरीची बाई! दुसऱ्या वक्ताला उतरायलाच तयार न्हाई. म्हनली, अंगठा लागल्याबिगर उतरत न्हाई. मशीन खाली नेलं तवा उतरली. कालपासून फांदीवरची रेंज बी गेली."

"किती कार्डं राहिलीत?"

"ब्याऐंशी. आन आज महिना संपला. सहा वाजता मशीन हा महिना बंद करतंय. मग ज्याचा अंगठा न्हाई त्याचं धान्य न्हाई. तुमची डिश लागली तर मशीन वायफायवर चालतंय. मागं चंद्राक्कानंच जोडून दिलं होतं." एवढं बोलून तो थांबला आणि माझ्या दारातली चप्पल उगीच पायानं सरळ करायला लागला.

"दोन्ही टोकं हलवायचीत, रामलिंग. तिकडं माणूस लागंल."

"माणूस कुठून आणू? सगळं गाव सोयाबीनच्या राशीवर हाय. जे घरी हायेत ते माझ्या दुकानापुढं ओळीत बसलेत, सगळे म्हातारेकोतारे. मी मशीन सोडून गच्चीवर गेलो तर मलाच पोत्यात भरतील."

"मग कसं?"

"भामाकाकू हाय की. डिश तिच्याच डोक्यावर हाय."

भामाबाई म्हणजे माझी सासू. वय बहात्तर. लेक गेल्यापासून तिनं मला सहा वेळा फोन केला होता. सहाही वेळा मी "टॉवरवर आहे" म्हणून ठेवला होता. त्यातले पाच मी घरात गादीवर बसून ठेवले.

"मामींना जमंल का?" मी विचारलं.

"दाजी, चंद्राक्का जवा जवा यायची तवा ती बाई तिच्या मागं गच्चीवर उभी असायची. बारा वर्षं. तुमाला दिसली न्हाई, कारण तुमी ह्या टोकाला." मग त्यानं गाडीला किक मारली आणि जाता जाता थट्टेची उधारी फेडली. "आन त्या वानरांना जरा समजावा. तुमच्याच नावाची मंडळी हायेत."

मी खोकं फोडलं. नवा रेडिओ, डिश पाइपाला धरून ठेवणारी नवी पकड, पाना, पक्कड पिशवीत घातली आणि टॉवर चढलो. आमचा टॉवर घराच्या गच्चीवरच आहे, साठ फूट. डिश बसवली, वायर जोडली, फोन दंडाला बांधला. रेडिओचा आकडा त्या फोनवर दिसतो. तीन वाजता दुसरा फोन वाजला.

"पट्टा लावला का?" सासूबाईंचा पहिला शब्द.

हे वाक्य चंद्रप्रभाचं. दर वेळी, कामाच्या आधी, हेच. मी खाली बघितलं. पट्टा कमरेला होता, हूक मोकळा लोंबत होता. आठ महिने तो तसाच लोंबत होता. मी हूक पाइपाला अडकवला.

"लावला."

"आत्ता लावलाव. आवाज आला."

मी हूक ओढून बघितला.

"सहा फोन केले म्या," त्या म्हणाल्या.

"टॉवरवर होतो, मामी."

"सहाही वक्ताला? आठ महिने चढायलाव म्हंजे लई वर पोचला असाल. देव दिसला का?"

"मामी, तीन वाजलेत."

"हाव, हाव. काम सांगा. पर एक हाय, मी कोपऱ्यातून बोलायलेय. जिन्याच्या कोपऱ्यातच ऐकू येतंय. डिश हाय दुसऱ्या कोपऱ्यात. इथून तिथं सतरा पावलं होतात. माझ्या गुडघ्याची सतरा."

पहिलं काम माझं होतं. माझ्या डिशचं तोंड नागतळीकडं करायचं. नऊ किलोमीटरवरून खोलातलं गाव दिसत नाही, नुसती बाभळीची रांग दिसते. पूर्वी पाण्याच्या टाकीवरून अंदाज घ्यायचो, पण आता गावोगाव टाक्या झाल्यात आणि सगळ्यांना एकच निळा रंग. मोबाइलमध्ये दिशा दाखवतात, पण लोखंडी टॉवरवर चढलं की ती सुई अंगात आल्यासारखी घुमते. म्हणून आमची पद्धत आरशाची. चंद्रप्रभा गच्चीवरून उन्हात आरसा धरायची. साधा हातात मावणारा आरसा, पण दहा किलोमीटरवरून असा चमकतो की डोळा चुकत नाही. ज्या जागी चमकलं तिकडं डिश करायची, झालं.

"मामी, आरसा आहे का घरात?"

"हाय की. तिचाच हाय, देवळीत ठेवलेला. थांबा."

मी बाभळीच्या रांगेकडं बघत राहिलो. पाच मिनिटांनी चमकलं. मी डिश तिकडं वळवली. तेवढ्यात त्याच्या उजवीकडं, चांगलं अर्धा किलोमीटर लांब, आणखी एक चमकलं. मग डावीकडं दोन. मग टेकाडाच्या बाजूला एक, तेही एकसारखं. थोड्या वेळानं सगळं शिवार चमकायला लागलं.

"मामी! किती आरसे आहेत?"

"माझा एकच हाय. पर रानातल्या लोकांनी बघितलं वाटतं. राशीवरचे समदे डब्याची झाकणं घेऊन चमकवायलेत. चंद्रप्पाच्या मळ्यात तर परात काढली." त्यांना मजा वाटत होती, आवाजावरून कळत होतं. "लई दिवसांनी कायतरी चालू हाय ना गावात."

"त्यांना बंद करायला सांगा."

"इथून ओरडू? एक कोस लांब हाय ते. तुमीच वळखा."

कसं ओळखू? परातीचा उजेड तर सगळ्यात मोठा होता. मी एकावरून दुसऱ्यावर नजर फिरवत होतो. मग बाभळीच्या रांगेत, मधोमध, एक चमक दिसली. विझली. पुन्हा दिसली. विझली. तिसऱ्यांदा दिसली आणि बराच वेळ विझली. मग परत तीनदा.

तीन चमका आणि एक थांबा. आरशावर तळवा ठेवून चंद्रप्रभा असंच करायची. मी तिला हे शिकवलं नव्हतं, तिचं तिनंच काढलं होतं. आणि तिच्या मागं उभं राहून कुणीतरी ते बघितलं होतं.

मी जरा वेळ पाइप धरून उभा राहिलो. मग डिश नीट त्या जागी केली आणि नट आवळले.

"माझं टोक झालं, मामी. आता तुमची डिश."

"तुमचे हात कुठं हायेत?"

"कमरेवर."

आता खरी अडचण होती. आकडा मला दिसणार, डिश तिकडं हलणार, आणि फोन सतरा पावलांवर. दोनदा सासूबाई डिश हलवून फोनपर्यंत आल्या आणि दोन्ही वेळा दम लागून बोलता येईना. तिसऱ्यांदा वेगळाच आवाज आला.

"जावईबापू, मी गंगम्मा. झाडावर चढलेली. मी कोपऱ्यात बसते, तुमी मला सांगा, मी भामाला सांगते. तिथं ओळीत बसून माझी कंबर धरली."

गंगम्माचं माहेर कर्नाटकात. बोलणं मराठी, पण घाईत कानडी येतं. आवाज मात्र असा की टॉवर नसता तरी गावाला पुरला असता.

"मामींना म्हणा, नट ढिला करून डिश डावीकडून उजवीकडं आणा. एका वेळी तीळभर."

"भामा, तीळभर!" फोनमध्ये माझा कान बसला.

दहा मिनिटं काहीच नाही. मग फोनवर आकडा उमटला. लिंक धरली होती, पण कशीबशी.

"पंच्याऐंशी," मी म्हणालो, जरा निराशेनंच.

"पंच्याऐंशी!" गंगम्मा ओरडली. "भामा, पंच्याऐंशी पडले! साकु, साकु! आवळ!"

"अहो, थांबा—"

पण साकु म्हणजे बास, हे नागतळीत शेंबड्या पोरालाही कळतं. पलीकडं पाना फिरल्याचा आवाज आला. सासूबाईंनी चाळीस वर्षं कडब्याचं यंत्र हातानं फिरवलंय. त्यांनी आवळलेला नट म्हणजे संपलं.

"मावशी, पंच्याऐंशी वाईट असतात!"

"वाईट कामून? आमच्या नातवाला बहात्तर पडले तर दोन किलो पेढे वाटले."

"आमच्या कामात आकडा उलटा असतो. साठ चांगला, ऐंशी वाईट. खाली आला पाहिजे."

"कमी मार्काला चांगलं म्हनतात? ही कसली शाळा?"

मी डोकं खाजवलं. "मावशी, असं समजा की ताप आहे. ताप उतरवायचाय."

"मग तसं सांगा की! उगं शिकलेल्यासारखं बोलायलाव." आणि तिनं तोंड वळवलं. "भामा, ढिला कर! डिशला ताप हाय!"

तो नट ढिला करायला पंधरा मिनिटं गेली. त्यासाठी ओळीतले दोन म्हातारे वर आले, एकानं गोडेतेल ओतलं, दुसऱ्यानं नुसती सूचना केली. मधल्या वेळात रामलिंगचा फोन आला, दुकानाच्या उंबऱ्यावर तेवढी रेंज मिळायची.

"दाजी, सव्वाचार झाले. दुकानापुढची निम्मी ओळ गच्चीवर गेलीय आन उरलेली गच्चीकडं तोंड करून बसलीय. मी मशीनसमोर एकटाच हाय. लागंल ना?"

"लागंल," मी म्हणालो. हात कमरेवरच होते.

नट ढिला झाला. गंगम्मा आता रंगात आली होती. मी आकडा सांगायचो आणि ती दवाखान्यातल्या नर्ससारखी पुकारायची. "त्र्याऐंशी! उतरायलाय गं! ब्याऐंशी! एक्याऐंशी! आगं माय, परत पंच्याऐंशी. मागं घे, मागं घे. एकोणऐंशी!"

एकोणऐंशीवर ताप अडला. तीळभर डावीकडं, तीळभर उजवीकडं, अर्धा तीळ वर, काही केल्या खाली येईना. एकोणऐंशीवर लिंक लागते पण टिकत नाही. अंगठ्याचं मशीन त्यावर एक अंगठा घेईल आणि दुसऱ्याला नाही म्हणेल. पावणेपाच झाले होते. मला वाटलं, चूक माझ्याकडचीच असणार. परातीनं डोळे दिपले असतील, माझी डिश जराशी फिरली असेल. जराशीच सरकवून बघू. मी नट सैल केला आणि डिशला बोट लावलं.

त्याच वेळी तिकडून सासूबाईंनी त्यांची डिश ढकलली.

आकडा गेला. एकोणऐंशी नाही, पंच्याऐंशी नाही, काहीच नाही. फोनचा पडदा कोरा.

"जावईबापू, ताप किती?" गंगम्मानं विचारलं.

"थांबा जरा."

"गेला का पेशंट?"

मी डिशवरचं बोट मागं घेतलं. कुजबुज ऐकू आली, मग सतरा पावलं, मग दम लागलेला सासूबाईंचा आवाज.

"काय केलाव?"

"काही नाही, मामी."

"हात कमरेवर होते का?"

साठ फुटांवर माणसाला लपायला जागा नसते. "नव्हते," मी म्हणालो.

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चंद्रा सांगायची. म्हनायची, आई, ह्यांचे हात कमरेवर ऱ्हात न्हाईत. त्यांच्या भरवशावर बसले तर रोज नवी डिश लावत बसावं लागंल."

"मग ती काय करायची?"

"म्या काय सांगू? काम झालं की शेवटाला डिशच्या पाइपाला कुंकू लावायची, तेवढं ठावं हाय. मला बरं वाटायचं. म्हनलं, पोरगी मशीनवर चढली तरी देवाधर्माला इसरली न्हाई."

मी टॉवरवर ताठ उभा राहिलो. चंद्रप्रभा दसऱ्यालासुद्धा रेडिओला कुंकू लावायची नाही. म्हणायची, ओल्या कुंकवाचं पाणी आत जातं, मग रेडिओ जातो आणि शेवटी पैसे आपले जातात.

"मामी, चष्मा लावून पाइपाजवळ जा. कुंकू अजून आहे का बघा."

त्या गेल्या. गंगम्मा मला सांगत होती. "चष्मा घातला. खाली बसली. नखानं खरवडायलीय." मग, "जावईबापू, भामा म्हनायलीय हे कुंकू न्हाई. नेलपॉलिश हाय. उभी रेघ हाय बघा. निम्मी पाइपावर आन निम्मी डिशच्या पकडीवर. पर दोन तुकडे एका रेषेत न्हाईत. वानरांनी फिरवलंय ना, एक हिकडं तर एक तिकडं गेलाय."

मला समजायला एवढं पुरलं. डिश बरोबर लागली की पाइपावर आणि पकडीवर मिळून एकच रेघ ओढायची. पुन्हा कधी वाऱ्यानं नाहीतर वानरानं हलली, तर रेघेचे दोन तुकडे जुळवायचे की डिश जागेवर. त्याला आकडा लागत नाही, फोन लागत नाही, टॉवरवरचा नवराही लागत नाही.

बारा वर्षांत नागतळीची डिश सहा-सात वेळा तरी हलली असेल. प्रत्येक वेळी पाच मिनिटांत लागायची. आणि मी टॉवरवरून उतरताना प्रत्येक वेळी म्हणायचो, "बघ, हात बसलाय माझा नागतळीवर."

"मावशी," मी म्हणालो, "मामींना म्हणा, आधी आरसा दाखवा. माझी डिश मी बिघडवलीय. मग मी सांगितलं की रेघ जुळवा. मोजमाप काही नको. नुसती रेघ."

ऊन कलायला लागलं होतं. रानातली मंडळी कंटाळून आपल्या कामाला लागली होती, परातही थांबली होती. बाभळीच्या रांगेत एकच उजेड उमटला. तीनदा, मग थांबा. मी डिश तिथं केली, नट आवळले, पाना पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड गाठ मारून बंद केलं.

"हात?" गंगम्मानं विचारलं. तिलाही आता सवय लागली होती.

"कमरेवर. शप्पथ."

"भामा, रेघ!"

फोनचा पडदा कोरा होता. मग एकदम आकडा आला. पंच्याऐंशी नाही, ऐंशी नाही, सत्तर नाही. अठ्ठावन्न. नागतळीचा आकडा पहिल्यापासून अठ्ठावन्नच यायचा.

"अठ्ठावन्न," मी सांगितलं. मग परत एकदा सांगितलं.

"अठ्ठावन्न! ताप उतरला!" गंगम्मा ओरडली आणि गच्चीवरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी काहीतरी एकदम ओरडलं. "आता आवळू का?"

"आवळा. मामींना म्हणा, लागंल तेवढा जोर लावा."

पाच वाजून अठरा मिनिटं झाली होती. गच्ची रिकामी झाली. जिना उतरताना ओळीतल्या नंबरावरून भांडण लागलं, ते मला फोनवर ऐकू आलं. गंगम्मा म्हणत होती की झाडावर दोनदा चढलेल्या माणसाचा नंबर पहिला. कुणी हरकत घेतली नाही.

मी टॉवरवरच थांबलो. उतरताना धक्का लागला तर काय, ही भीती. रामलिंगनं फोन चालूच ठेवला होता. मशीनचा टुंग असा आवाज आला की एक अंगठा झाला. साडेपाचला वीस झाले होते. पावणेसहाला एक्कावन्न. मग रामलिंगचं बोलणंच बंद झालं, नुसतं टुंग, टुंग. सहाला सहा मिनिटं कमी असताना तो म्हणाला, "दाजी, एकच राहिलंय. भामाकाकू."

टुंग आला नाही.

"काय झालं?"

"अंगठा घेईना. तेल आन काळं लागलंय नटाचं. मशीन म्हनतंय, ही बाई तीच न्हाई."

"मी तीच हाय!" मागून सासूबाईंचा आवाज आला. "बहात्तर वर्षं तीच हाय!"

"राख आणा," कुणी म्हणालं. "चिंच आणा," दुसरं म्हणालं. शेवटी चिंच आली. गंगम्मानं तांब्याचा तांब्या घासावा तसा तो अंगठा घासल्याचं रामलिंगनं मला नंतर सांगितलं. सहाला दोन मिनिटं कमी असताना टुंग ऐकू आला.

थोड्या वेळानं सासूबाई परत जिन्याच्या कोपऱ्यात आल्या असाव्यात, कारण त्यांचाच फोन आला.

"झालं. उतरा आता. हूक काढायच्या आधी शिडी धरा."

"हो, मामी."

"आन उद्या या. ती रेघ निम्मी उडालीय, म्या नखानं आणखीन खरवडली. परत वानरं आली तर काय जुळवू?"

"येतो."

"टॉवरवर नसलाव तर या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवणीत बांगड्यांच्या दुकानात गेलो. लाल नेलपॉलिश मागितलं. दुकानातल्या बाईनं बारा लाल बाटल्या मांडल्या आणि कुणासाठी, कुठल्या रंगाची साडी आहे, असं विचारलं. मी म्हणालो, पाइपासाठी, पाइप करडा आहे. मग तिनं त्यातली एक पुढं केली आणि म्हणाली, "ही घ्या. लवकर उडत नाही. पण वाळायला वेळ लागतो."

फाट्यावर मी चहासाठी थांबलो नाही.

सासूबाईंनी भाकरी टाकली होती, पण आधी मी गच्चीवर गेलो. बारा वर्षांत त्या गच्चीवर कामासाठी मी पहिल्यांदा चढत होतो. पाइपाजवळ बसून बघितलं. लाल रेघेच्या शेजारी जुन्या रेघा होत्या. एक गुलाबी, एक तपकिरी, एक चमचमीची. चमचमीची मी ओळखली. आमच्या लेकीच्या, अपूर्वाच्या, लग्नातली ती बाटली, लग्नानंतर सहा महिने घरात सापडत नाही म्हणून आरडाओरडा झाला होता. म्हणजे जेव्हा जेव्हा डिश लागली, तेव्हा तेव्हा नवी रेघ.

"मला ठावं न्हवतं हे," सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. "पर एकदा ती म्हनली होती, आई, त्यांना कळू देऊ नको, आपण हिकडं काय करतो ते. टॉवरवरून उतरताना लई खुशीत असतात."

मी बाटली उघडली. पाइपावरून पकडीवर एक रेघ ओढली.

"जाड झाली," त्या म्हणाल्या.

"जाडच बरी. तुमच्या चष्म्याला दिसंल."

"हाव. बसू नका असं पुढं वाकून, सदऱ्याला लागंल. वाळंपर्यंत कशाला हात लावू नका."

ऊन छान होतं. खाली रामलिंग कुणालातरी मोठ्यानं सांगत होता की दाजी आलेत, आता वानरं सांभाळा. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. रेघ वाळेपर्यंत मी हात कमरेवर ठेवून उभा राहिलो.